उशाखालची लाल फीत

माकणी, ता. लोहारा
३० जुलै २०२५

चि. रणधीर यास,
दैवशालाताईचे अ. उ. आ.

तू गेल्याला चार दिवस झाले आणि आईनं दहा वेळा विचारलं, पोचला का. तुझा मोबाईल छावणीच्या गेटवर जमा, म्हणून पत्रच. सोबत राखी आहे. मनगटावर बांध, खिशात ठेवून विसरू नकोस. तुझे खिसे म्हणजे गोडाऊन.

हे उगीच म्हणत नाही. सुटीवर येताना गुडघ्यावर फाटलेली कामाची डांगरी आणलीस आणि गोधडीला घे म्हणून आईपुढं टाकलीस. काल नागपंचमी, म्हणून तिनं कात्री लावली नाही. आज उसवायला घेतली, तर मांडीच्या खिशातून बोटाएवढी लोखंडी खीळ निघाली. टोकाला कडी, कडीला लाल फीत, तिच्यावर इंग्रजी अक्षरं. असल्या फिती लोहाऱ्यात मोटारसायकलच्या किल्ल्यांना दिसतात, म्हणून मी टाकून देणार होते. आईनं हातातून ओढून घेतली. लेकराच्या उशाला बापाच्या अंगावरचं लोखंड, याहून चांगलं काय, म्हणाली. उशाचा विळा काढला आणि खीळ फितीसकट उशीखाली सारली. चार आठवड्यांचं ते पिल्लू रोज दचकून उठायचं, आज दुपारी सलग दोन तास झोपलं. आता आईचा तोरा काय विचारतोस!

सोनाली बरी आहे. तिच्या आईच्या आजारपणामुळं बाळंतपण इथं झालं, तेच बरं झालं. उन्हाळ्यात टीव्हीवर लढाईचं जे चाललं होतं, तेव्हापासून हेलिकॉप्टर म्हटलं की आपल्या आईची छाती धडधडते. तू नक्की काय करतोस, ते एकदा तिला समजेल असं लिही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी, दैवशालाताई

द्वारा आर्मी पोस्ट ऑफिस
२ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
रणधीरचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाटेत असेल, पण मला धीर निघाला नाही.

हेलिकॉप्टरात बसतोस का, असं आईनं निघताना विचारलं होतं. तिला सांग, मी जमिनीवरच असतो. हेलिकॉप्टरच्या दोन्ही अंगांना चार-चार क्षेपणास्त्रं लावायची, तपासायची, उतरवायची, हे माझं काम. ती रणगाडा फोडायला असतात. जुन्या जातीच्या मागं बारीक तार सुटत जायची. ते पोचेपर्यंत वरच्या माणसाला निशाण्यावर नजर धरून थांबावं लागायचं, आणि तेवढ्यात खालून कोणी त्यालाच टिपायचं. नव्या जातीच्या डोक्यात उष्णता ओळखणारा डोळा असतो. सोडण्याआधी रणगाडा एकदा दाखवला की ते आपलं आपण जातं, हेलिकॉप्टर माघारी फिरू शकतं. त्यातही भावंडं आहेत. एक जमिनीवरच्या गाडीतून सुटणारं, एक लष्कराच्या हेलिकॉप्टरचं, एक हवाई दलाचं. माझ्या हाताखाली कोणतं, ते विचारू नका.

प्रत्येकाला लाल फितीची एक पोलादी पिन असते. ती आत असेपर्यंत ते सुटत नाही. उड्डाणाआधी मी आठही पिना काढून मुठीत धरतो आणि पायलटला दाखवतो. तो मान हलवतो, मगच उडतो.

बाळ झाल्याचा निरोप आला, तेव्हा सराव संपवून मी पिना पिशवीत भरत होतो. मल्लिनाथ म्हणाला, पळ लेका, गाडी चुकेल, मोजतो मी. उमरग्याचा आहे तो, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मला स्टेशनवर सोडायच्या घाईत त्यानं न मोजताच वहीत आठ लिहून सही केली. दुसऱ्या दिवशी भरल्या सात.

मला घरी फोन आला होता, आठवतं? तुम्ही बाळाला न्हाऊ घालत होता. किती पिना दिल्या, साहेबांनी विचारलं. मी छातीवर हात ठेवून आठ म्हणालो.

पिन हेलिकॉप्टरात पडली असावी असं सगळे धरून चाललेत. आतल्या दांड्यांत अडकली तर हवेत मशीन वळणार नाही, दोन पायलट जातील. म्हणून फरशी उघडून ते महिनाभर उभं आहे, आणि वीस तारखेला खरी फायरिंग. मल्लिनाथवर चौकशी बसलीय, अठराला निकाल. त्याच्या दंडावरच्या हुद्द्याच्या पट्ट्या उतरतील. तो अजून माझ्या वाट्याचा चहा काढून ठेवतो. घास उतरत नाही, ताई. मी आठच दिल्या होत्या ना?

चौकशीचं आईला सांगू नकोस. तुझी सावली असू दे.
तुझा, रणधीर

माकणी
९ ऑगस्ट २०२५

चि. रणधीर यास,
अ. उ. आ.

नाही रे. सात दिल्यास. आठवी इथं आहे.

तुझं पत्र आज अकराला अंगणवाडीच्या ओट्यावर हाती पडलं. तशीच घरी पळाले आणि बाळाची मान उचलून खीळ काढली. तीस तारखेच्या पत्रात मी ते सगळं हसत-हसत लिहून बसलेय. ते तुला पोचलं, की दुसऱ्याच कोणाच्या हाती लागलं? तू दिलेला ऑफिसचा नंबर नुसता वाजतोय.

बाळाच्या उशाचं लोखंड आईला न सांगता कसं काढणार? सगळं सांगितलं. आधी म्हणाली, जुनीच क्षेपणास्त्रं बरी, मागं दोरी तरी होती. मग म्हणाली, धरणात टाकून ये, तेरणेच्या पाण्यात कोण बुडी मारून बघतंय, पोराची नोकरी तरी ऱ्हाईल. मी तिला वाईट म्हणू शकत नाही, कारण खीळ ओच्यात बांधून मी धरणापर्यंत गेलेही. काठोकाठ पाणी आहे. गाठ सोडली, खीळ हातात घेतली, आणि मल्लिनाथची आई डोळ्यांपुढं आली. मी तिला कधी पाहिलेलंही नाही. तरी आली, आपल्या आईसारखं लुगडं नेसून.

परत आले तर सोनाली दारात. तिनं माझ्या ओच्याकडं बघितलं आणि म्हणाली, ताई, दुसऱ्याची भाकरी काढून माझं लेकरू झोपवायचं न्हाय मला.

उद्या रविवार. सोमवारी लोहाऱ्याला जाऊन पार्सल करते. अठराच्या आत पोचेल का, देव जाणे. तू त्याआधी बोल. नाही बोललास तर राखी परत पाठव, असं लिहिणार होते. हात उचलला नाही.

बाळ आज सारखं दचकतंय. इथं सगळ्यांचा जीव तुझ्यात आहे, एवढं धर.
दैवशालाताई

द्वारा आर्मी पोस्ट ऑफिस
११ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं तीस तारखेचं पत्र परवा राखीच्याच दिवशी मिळालं. आधी राखी बांधली, मग वाचायला घेतलं. खिळीच्या ओळीवर आलो आणि सगळं आठवलं. मूठ भरली होती म्हणून एक पिन मांडीच्या खिशात टाकली, आणि तेवढ्यात बाळाचा निरोप आला.

पत्र खिशात घालून दुपारभर हिंडलो. फाडलं तर कोणाला कळणार, हेही मनात आलं. तुझ्यापासून काय लपवू? चहाच्या वेळी मल्लिनाथनं माझा कप पुढं सरकवला. तो तसाच ठेवून मी साहेबांकडं गेलो आणि पत्र टेबलावर ठेवलं.

साहेब केरळचे. तुझ्या तोंडून नको, मराठी वाचणारा दुसरा आणा, म्हणाले. अख्ख्या छावणीत असा एकच माणूस, मल्लिनाथ. तो उभ्यानं वाचत गेला, हिंदीत सांगत गेला. गोडाऊनशी साहेब हसले. खिळीपाशी तो थांबला. मी बुटांकडं बघत होतो. वाटलं, आता कागद तोंडावर फेकेल. पण त्यानं शेवटपर्यंत वाचलं, तुझ्या मायेच्या ओळीसकट. मग साहेबांसमोरच मला विचारलं, दोन तास झोपलं, आणि नंतर?

माझी बढती दोन वर्षं मागं जाईल. वीसच्या फायरिंगला मी क्षेपणास्त्राला हात लावायचा नाही. मल्लिनाथला लेखी समज देऊन सोडतील, पण पिन अठराच्या आत साहेबांच्या हातात पडली तर. लगेच पाठव, ताई. बाळाच्या उशाला विळा ठेव.

रागाव, पण टाकू नकोस.
तुझा, रणधीर

माकणी
२१ ऑगस्ट २०२५

चि. रणधीर यास,
अ. उ. आ.

पार्सल सोळाला पोचलं, मल्लिनाथ समजेवर सुटला, हे तुझ्याआधी आम्हाला सिद्धम्माबाईंनी सांगितलं. मल्लिनाथची आई. त्यानं साहेबांच्या फोनवरून त्यांना सगळं कळवलं म्हणे, आणि बाळाच्या उशाचंही. आज सकाळी उमरग्याच्या बसनं एकट्याच आल्या. पदराच्या गाठीत लोखंडी कडं होतं, मल्लिनाथच्या लहानपणी त्याच्या उशाला असलेलं. पाणीही न घेता आधी ते उशीखाली ठेवलं.

आपल्या आईला मान वर करवेना. शेवटी तिनंच सांगून टाकलं, म्या ती खीळ धरणात टाकाय सांगितली व्हती. सिद्धम्माबाई चुलीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, म्या बी त्येच सांगितलं असतं, अक्का.

त्यांच्या बसला वेळ होता. दोघी गोधडी शिवायला बसल्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला. तुझ्या डांगरीचं कापड मधोमध लावलंय. खिसे कापले नाहीत. उलटे केले, झटकले, पुन्हा एकदा हात घालून बघितले आणि तोंडं शिवून टाकली.

बाळ झोपलंय. कालची फायरिंग कशी झाली, ते कळव. बढती येईल तेव्हा येईल, तू आधी पोटभर जेव. मल्लिनाथला या घरचा आशीर्वाद सांग.

आठवण ठेव, आम्ही ठेवतोच.
तुझी, दैवशालाताई