लेडी पेल्हमची पाटी

मी, वेल्मा रूथ टीट्झ, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार एल्डर फोर्ड, ओहायो, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. मला कोणी गळ घातलेली नाही की धाक दाखवलेला नाही. यापूर्वीची मृत्युपत्रं, विशेषतः १९८१ साली रागाच्या भरात केलेलं, रद्द समजावीत.

कलम १. माझे वकील एमरी डॉब्स यांनी सर्व व्यवस्था पाहावी. अंत्यविधी साधा करावा. शवपेटी घेताना ती खरोखर कोणी बनवली, हे दुकानदाराला विचारावं. पेटीवर त्याचं नाव आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नये.

कलम २. माझे पाने, पकडी आणि हातोडी शेजारच्या नोरीन पाइकला द्यावी. स्क्रू पिळण्याआधी यंत्राचा आवाज ऐकणारी या गावात ती एकटीच उरली आहे.

कलम ३. पुढच्या कलमांसाठी हे सांगणं भाग आहे. ब्रॉक कारखान्यात मी एकवीस वर्षं धुलाई यंत्रांना नावाच्या पाट्या बसवल्या. टब तोच, मोटार तीच, बायाही आम्हीच. सहा यंत्रांवर ‘ब्रॉक’ची पाटी, पुढच्या सहांवर ‘लेडी पेल्हम’ची, म्हणजे पेल्हम्स या मोठ्या दुकानाच्या नावाची. त्यांना सोनेरी बटण लावायचं आणि दुकानाने चाळीस डॉलर जास्त घ्यायचे. आयत्या बिळावर नागोबा. ही यंत्रं कोण बनवतं ते बाहेर बोलायचं नाही, अशी पहिल्याच दिवशी आमची सही घेतली होती. विल्बर सेज शनिवारी न्हाव्याकडे बोलून गेला आणि सोमवारी त्याला घरी पाठवलं.

माझी धाकटी बहीण मर्ना हिचा नवरा क्लाइड बॅस्कम पेल्हम्समध्ये ही यंत्रं विकायचा. माल कुठून येतो ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी दरवर्षी सणाच्या जेवणात टर्की कापताना मला विचारायचा, “काय मेव्हणीबाई, तुमचा तो पत्र्याचा डबा कपडे धुतो, की नुसताच खडखडतो?” गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मला त्याची किळस यायची आणि अजूनही येते.

कलम ४. १९६१ साली आईने यंत्र घ्यायचं ठरवलं. क्लाइड समोरच बसला होता. आई मला म्हणाली, “वेल्मा, तू कारखान्यातली, तुला कळतं. तुमचं घेऊ की क्लाइड म्हणतो ते?”

माझा नवरा आर्नो त्या वर्षी पाठ मोडून प्लास्टरमध्ये होता आणि घर माझ्या पगारावर चाललं होतं. मी म्हणाले, “क्लाइड सांगतोय ना, मग तेच घे.” क्लाइड बटाटे खात राहिला. कारण खरं होतं, तरी त्या वाक्याची मला क्लाइडपेक्षा जास्त किळस येते.

दहा दिवसांनी एक निळं यंत्र माझ्यापुढे आलं. त्याला लावलेल्या चिठ्ठीवर पेल्हम्सचं आमच्याच गावातलं दुकान होतं आणि गावात निळं फक्त आईने मागवलं होतं. पाटी बसवण्याआधी मी मेणाच्या पेन्सिलीने पत्र्यावर लिहिलं, “आई, हे आमचंच आहे. मी खोटं बोलले. वेल्मा.” मग वरून पाटी पिळून घट्ट केली. आईने बावीस वर्षं त्यात कपडे धुतले आणि दर सोमवारी ती पाटी व्हिनेगरने पुसली.

कारखाना १९७९ साली बंद पडला. त्यानंतर मला कोणी अडवणारं नव्हतं. पण आईने विचारलं असतं, अठरा वर्षं का गप्प बसलीस? म्हणून मी आणखी चार वर्षं गप्प बसले आणि मग आई गेली.

कलम ५. माझं घर मर्नाला द्यावं. तिला स्वतःचं छप्पर नाही, भाड्याच्या दोन खोल्यांत राहते आणि तिथे आईचं निळं यंत्र आहे. परवाही फोनवर म्हणाली, “अगं, आईचं मशीन अजून चालतंय बघ. तुमच्या कारखान्याचं असतं तर कधीच भंगारात गेलं असतं.” मी म्हटलं, “हो का.”

अट एकच. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. डॉब्स यांच्यासमोर मर्नाने स्वतःच्या हाताने ती पाटी काढावी आणि मागे काय लिहिलंय ते मोठ्याने वाचावं. तिने नकार दिला तर घर गावच्या अग्निशमन दलाला जाईल. वाचल्यावर तिने मला काय म्हणायचं ते म्हणावं, डॉब्स यांनी मध्ये बोलू नये. त्यानंतर पाटी परत बसवू नये.

वरचा शब्द न् शब्द माझा आहे. दोघा साक्षीदारांदेखत सही केली आणि त्यांनी माझ्यादेखत केली.

वेल्मा रूथ टीट्झ
एल्डर फोर्ड, ओहायो. ९ ऑक्टोबर १९९८

साक्षीदार:
विल्बर सेज, ब्रॉक कारखान्यातून काढलेला
हॉर्टेन्स क्लेम, टपाल कार्यालय

ता. क. स्क्रू ड्रायव्हर फुलीचा लागेल. मर्नाकडे नसणार. माझ्या एप्रनच्या खिशात आहे, १९६१ पासून.