आंब्यावरची आमरी

कोल्हापूर,
दि. ३० मे २००२

चि. पारू,

दादाचा मनापासून जयभीम. अंतर्देशीय पत्र हातात पडताच तू पोस्टमनला विचारशील, "कोण गेलं?" कुणी गेलं नाही. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, तोंड ठणठणीत आहे. मी अजून सायकली दुरुस्त करतो. नजर कमी झाली, आता पंक्चर कानानं शोधतो.

चार दिवसांमागं बुद्धपौर्णिमेला सकाळी वंदनेला उठलो, तर घरभर वास. वहिनी म्हणाली, "म्हातारपणी अत्तर लावलं व्हय?" दोघं हुंगत हुंगत परड्यात गेलो. आंब्याच्या पार वरच्या बेचक्यात फुलांचा तुरा लोंबत होता. पांढरी, मेणाची केल्यागत फुलं. मधली पाकळी जांभळट आणि तिच्याखाली पोपटाच्या चोचीसारखं वाकडं काहीतरी. ऊन चढलं तसा वास मंदावला, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर.

वाचनालयातलं झाडांचं पुस्तक आणलं, पण चित्रं काळीपांढरी. शेवटी शेजारच्या अक्षताला बोलावलं. पोरगी बी.एस्सी.ला आहे. मी शिडी धरली, ती भिंग घेऊन चढली.

"काका, ही आमरी हाय, ऑर्किड! कुठनं आणली?"

"बांडगूळ न्हवं?"

"न्हाई वो. बांडगूळ फांदीत मूळ घुसवून रस पितंय. हिची मुळं बघा की, वरनंच साल धरून हायत. पाणी पावसाचं, हवेतलं. झाडाकडनं फकस्त बसायला जागा घेती." मग एकदम ओरडली, "काका, शिडी हलाय लागली!"

शिडी सोडून मी खोडावरचे कोयत्याचे जुने वण चाचपत होतो.

दाजी गेल्यावर तू शाहूवाडीहून आलीस, तेव्हा ट्रंकेबरोबर ही आमरी ओल्या फडक्यात बांधून आणली होतीस. दाजींनी बांधावरच्या झाडावर जपलेली. इथं तू ती आंब्याला बांधलीस, पण फुलली नव्हती. पुढच्या वर्षी आंब्याला मोहर आला नाही आणि मी तिला दोषी धरलं. तू कुणाच्या तरी लग्नाला गेलेलीस. कोयत्यानं खरवडून काढली. परत आल्यावर तू तुकडे पदरात गोळा केलेस.

इथवर तुला ठाऊकच आहे. पुढचं लिहायला पेन सरकत नाही.

त्या संध्याकाळी जेवताना मी वहिनीला म्हणालो, "एक बांडगूळ झाडाला, एक घराला." मोरीतला भांड्यांचा आवाज थांबला. तू ऐकलंस, हे मला तेव्हाच कळलं. तरी घास गिळला. पारू, त्या ताटातला भात तू गावाकडनं आणलेल्या पोत्यातला होता. वहिनीच्या ऑपरेशनात घर तू चालवलंस. मी काय चालवलं? जीभ.

सकाळी तू एकटी शाहूवाडीला परत निघालीस. मी स्टँडवर सोडायलासुद्धा आलो नाही. सहा वर्षं लोकांना सांगत आलो, पारू रुसून गेली. तू रुसली नव्हतीस. मी घालवली.

एक तुकडा वर गेला कसा, ते वहिनीनं काल सांगितलं. "वन्संनी जायच्या आधी बांधला. शिडी मी धरली. म्हणाल्या, दादाची नजर जात न्हाई तिथं ऱ्हाऊ दे." काथ्याची गाठ बघितली, तुझीच. सहा उन्हाळे वहिनी गपचूप पाणी मारत होती. माझी नजर खरंच गेली नाही.

एक फूल पाकिटात घालून पाठव म्हणाली वहिनी. मी नको म्हटलं. त्या झाडावर कोयता एकदा चालवला तेवढा बास. फुलं अजून दोन आठवडे टिकतील, असं अक्षता म्हणते.

माहेरवाशिणीला न्यायला माहेरचं माणूस जातं. सहा वर्षांत मी एक मुराळी धाडला नाही. रविवारी पहिल्या गाडीनं मीच येतोय. तू यावंस असा माझा हक्क उरलेला नाही. दार उघडलं नाहीस तरी चालेल. उंबऱ्याबाहेर बसायला जागा तेवढी दे.

तुझा मुराळी,
भाऊसो