तुमचे कान आणि माझा अबोला

अहो,

ऐकू न येण्यात सगळा फायदा तुमचाच होता. गळका नळ बघायला नको, माझी कटकट नको. शेजारच्या भाऊंचा भसाडा आवाज मात्र बरोबर पोचायचा, म्हणून वाटलं, मीच नकोशी झाले.

आज कानाच्या डॉक्टरीणबाईंना एकटीनंच गाठलं. म्हणाल्या, "सोंग नाही हो आजी. वयानं आतल्या कानातल्या नाजूक पेशी मरतात, त्या पुन्हा येत नाहीत. त्यात जन्मभर यंत्रमागाचा खडखडाट. बारीक आवाज आधी ऐकू येईनासा होतो."

माझा आवाज बारीकच. जीव भांड्यात पडला.

जेवण झाकून ठेवलंय. मी बहिणीकडे जाऊन आले की समोर बसून बोलेन.

इतके दिवस मी अबोला धरला होता, तो तुम्हाला कळलासुद्धा नसेल. भुर्दंड एकटीनंच भरला.