जांभळ्या औषधाचा दुसरा भाग

औरंगाबाद, १९५३

चि. सौ. कालिंदीस सदाशिवशास्त्र्यांचे आशीर्वाद.

बाळाच्या जिभेवर पांढरा थर पुन्हा आला असून ते दूध घेत नाही, असे तुझ्या वडिलांनी कळवले. तुझे काही चुकलेले नाही. चूक माझी आहे.

मी बाळाला दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "शास्त्रीबुवा, हे जांभळं औषध नुसतं लेकराच्या तोंडात लावून भागणार नाही. सूनबाईंना सांगा, स्वतःच्या छातीलाही लावायचं. नाही तर दुधाबरोबर परत येईल."

घरी येऊन मी तुला पहिला भाग तेवढा सांगितला. तू विचारलेस, "मामंजी, आणखी काही म्हणाले का?" मी संकोचाने नाही म्हणालो. आणि 'कारण शिल्लक असता कार्य टळत नाही' हे न्यायशास्त्र मी चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवले.

आता लिहिले खरे. पण तुला वाचता येत नाही. तुझे वडील हे पत्र ओसरीवर सर्वांदेखत मोठ्याने वाचतील, म्हणून ते धाडत नाही. उद्या तुझ्या माहेरी यायला पिशोरची मोटार धरीन. तू पुन्हा तेच विचारशील. तेव्हा माझी जीभ रेटेल, याला माझ्यापाशी प्रमाण नाही.

तुझा अपराधी,
मामंजी