ताटातल्या तांदळांवरचं नाव

आत्याबाई, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते नात मोजून सांगेल. ती लिहितेय, मी बोलतेय. तुमच्यासारखंच मलाही अक्षर येत नाही, तेव्हा चुका तिच्या, टोमणे माझे.

तिच्या अभ्यासाला एक कादंबरी आहे, ती मला वाचून दाखवते. त्यात पुढं कधीतरी येणारं सरकार माणसांची नावं काढून घेतं, जुनं नाव आठवलं तरी शिक्षा करतं. पोरगी घाबरलीय. मी म्हटलं, यात पुढचं काय आहे? स्वातंत्र्याला आठेक वर्षं झाली असतील, मी चिखलीत त्याच सरकारात नांदायला आले. तुम्ही ताटात तांदूळ पसरलेत, तुमच्या लेकानं अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, आणि दुपारी त्याच तांदळांचा भात झाला. न वाचताच मी माझं नाव जेवले. दिवाळीला भाऊ आला, त्यानं अंगणातून जुन्या नावानं हाक मारली, मी ओ दिली. तो गेल्यावर तुम्ही म्हणालात, "ती पोरगी तिकडंच ऱ्हायली. हितं तिला कुणी वळखत न्हाई."

मग तुमचा लेक पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागला. एका संध्याकाळी तो बिल्ला दाखवत हसत सांगतोय, साहेब नंबरानं हाक मारतो. तुमची भाकरी तव्यावर तशीच राहते. "माझ्या लेकाला नाव न्हाई व्हय? बारशाला गावभर घुगऱ्या वाटल्यात म्या." मी चुलीत काटकी सारत म्हणते, "माझ्याबी वाटल्या व्हत्या, आत्याबाई." भाकरी करपली. करपलेली तुम्ही स्वतःच्या ताटात घेतलीत, हे अजून खरं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी भुईमूग खुरपताना, मान वर न करता, तुम्ही तुमचं लग्नाआधीचं नाव सांगितलंत. म्हणालात, "कुणाला सांगू नगं. पर इसरू नगं."

विसरले नाही. पण माझ्यामागं ते कुणालाच ठाऊक राहणार नाही, म्हणून आज तुमचा शब्द मोडला. नातीनं कादंबरीच्या पहिल्या कोऱ्या पानावर तुमचं नाव लिहिलं, खाली माझं. मग तिनं विचारलं, "आणि आईचं?"

सून घरात आली तेव्हाही ताट तेच होतं, आत्याबाई, आणि तांदूळ मी पसरले होते. तिचं आधीचं नाव काही आठवेना. स्वयंपाकघरात जाऊन सुनेलाच विचारलं. "आता कशाला, आई?" म्हणाली. सांगितल्याशिवाय चहा घेणार नाही म्हणून उंबऱ्यातच बसले. चहा उकळून कडू झाला तेव्हा तिनं सांगितलं, पातेल्याकडं बघत. उद्यापासून त्याच नावानं हाक मारणार आहे. ओ देईपर्यंत मारीन.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, तांदळाच्या डब्यात ठेवतेय. तिसरं नाव लिहून झाल्यावर ते मी नातीला दोनदा वाचायला लावलं. सकाळपर्यंत पुन्हा विसरेन, अशी भीती वाटली.