चार माणसांचा पुलाव

हमद टाउन, बहरीन
१४ नोव्हेंबर १९९६

प्रिय सुनंदा,

सलाम, आणि इतक्या लांबून एक घट्ट मिठी. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? राजनभाऊंचा खोकला गेला असेल अशी आशा करते, त्यांना माझा आदबीचा सलाम सांग. आम्ही दोघं मजेत. (अझहर आणि फिजा आपापल्या देशात मजेत. फोनवर मी मराठीत विचारते, ते इंग्रजीत उत्तर देतात.) हवा छान झाली आहे, एसी बंद आहेत आणि बातमी एवढी मोठी आहे की भराभरा खरडतेय. हे अक्षर पाहून आपल्या बोर्डिंग शाळेच्या सिस्टरनी पत्र पुन्हा लिहायला लावलं असतं!

तर आमचे हे कॉलेजात जातात. होय, जैनुद्दीन, वय वर्षं पंचावन्न! तुला ठाऊकच आहे, सव्वीस वर्षं नेव्हीत जहाजावरचा स्वयंपाक केला आणि निवृत्त झाल्यावर इथे मआमीरच्या एका वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट सांभाळत बसले. तक्रार केली नाही, पण बोलणंही कमी झालं. मग जुफैरला एक नवं रेस्टॉरंट निघतंय असं कळलं. मालकाने यांच्या हातची मटणकरी खाल्ली, बोटं चाटली आणि म्हणाला, “हात फर्स्ट क्लास, पण सर्टिफिकेट मफी!” (मफी म्हणजे इथल्या बोलीत ‘नाही’.) “डिसेंबरपर्यंत आणा, जागा तुमची.” झालं. मनामाला संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं, बुटांना पॉलिश केलं, रुमालाला इस्त्री केली. (ती मी केली.)

शिकवायला तेजस्वी म्हणून पुण्याची मुलगी, आपल्या फिजाहून लहान. ती वर्गात आली की हे ताडकन उठून सावधान उभे. बाकावर शेजारी अन्सार म्हणून आर्मीचे निवृत्त हवालदार, बेकरी शिकायला आलेले. नेव्ही उभी राहिली तर आर्मी बसून कशी राहील? मग सगळा वर्ग उभा. ती बिचारी आठवडाभर मागे वळून पाहत होती, आपल्या पाठीमागून कोण मोठं माणूस येतंय म्हणून.

लेखी परीक्षा उत्तम गेली. प्रात्यक्षिकाला प्रश्न आला: चार माणसांचा पुलाव. सुनंदा, इथेच सगळं बिनसलं. लग्नाला तीस वर्षं झाली, यांनी मला कधी एक कप चहा करून दिला नाही. मी मनात रुसायचे. आता कळलं, यांना एक कप येतच नाही! यांची सगळी मापं दोनशे चाळीस माणसांची. घरी सराव करताना वहीवर साठाने भागत बसले. तेजपत्त्याच्या वाट्याला पाऊण पान आलं, तर माझी भरतकामाची कात्री घेऊन ते कापलं. मीठ मात्र मुठीने घालतात, आणि मुठीला कसलं भागणार?

परीक्षेला समोर इवलंसं पातेलं पाहून म्हणाले, “मॅडम, चार म्हणजे जहाजावरच्या चार मेस ना?”

“नाही काका, चार माणसं. दोन आणि दोन.”

“एवढ्यात माणूस उपाशी राहील हो!”

आणि हात सुटला. कोठीतून मोठा टोप आणला. परीक्षकांना एक बशी दिली आणि उरलेला पुलाव टायपिंगचा वर्ग, शिवणाचा वर्ग, दोन वॉचमन आणि खालच्या दुकानातले सगळे जेवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षकांनी दुसऱ्यांदा मागून घेतला, आणि नापास केलं. अन्सारभाई म्हणाले, “जहाज बुडालं रे दर्यावर्दी!” आणि यांच्या खांद्यावर हात ठेवून बसस्टॉपपर्यंत आले.

त्या दिवशी हे बूट न काढता सोफ्यावर बसले. म्हणाले, “मसूदा, नटबोल्टच बरे.” मी खाली बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या.

फेरपरीक्षा काल होती. त्याच्या तीन आठवडे आधी तेजस्वीने यांना बाजूला घेऊन सांगितलं, “काका, आकडे सोडा. चार माणसांची नावं घ्या आणि त्यांच्यासाठी करा.” घरी रोज तसाच सराव केला. कालही यांनी डोळे मिटले, ओठ हलवले, मीठ चिमटीने घातलं. पास! परीक्षक फक्त एवढंच म्हणाले, की यावेळी दुसऱ्यांदा मागायला काही उरलंच नाही. येत्या शनिवारपासून जुफैरला रुजू. मी मोठ्याने ओरडले, ते शेजारी ऐकू गेलं.

तुझी,
मसूदा

ता. क. – नावं कोणाची घेतली, ते काल सांगेनात. आज खोदून खोदून विचारलं. एक मी, एक ते स्वतः, आणि उरलेले दोघे तू आणि राजनभाऊ. तू कोथिंबीर ताटाच्या कडेला सारतेस आणि राजनभाऊंना तळाची खरवड लागते, हे यांना वीस वर्षांपूर्वीच्या एका जेवणावरून आठवतं! त्या दिवशी हे पेपरमधून डोकं वर काढत नव्हते, अशी माझी समजूत होती. तेव्हा दोघांच्या पासपोर्टच्या झेरॉक्स पाठव, व्हिजिट व्हिसाचं बघते. गुडघ्याची सबब चालणार नाही, आमचं घर तळमजल्यावर आहे.

ता. क. २ – जरा घाईच कर. यांना आता चार माणसांचंच करता येतं. सरावाचे तीन आठवडे तुमची दोन ताटं मीच संपवतेय. येताना मला दोन कमीज शिवून आण. जुनं माप फाडून टाक.