फरक एक

सोमवार, ६ जानेवारी
आज रुजू झाले. कोपरगावच्या पुढे, उसाच्या मधोमध, साखर कारखान्याचं गट कार्यालय. एक खोली, एक संगणक, खिडकीत तुळस. खोली आवडली. शिपाई गोरक्षमामांनी चहा दिला आणि काम सांगितलं. सभासदांच्या नोंदी दिवसभर इथे भरायच्या. पाचला बटण दाबलं की त्या मुख्य सर्व्हरवर जातात आणि तिथले बदल इकडे उतरतात. एकाच नावाच्या दोन नोंदी निघाल्या तर जिची वेळ नंतरची, ती टिकते.

मंगळवार, ७
लागणीची नोंद द्यायला केशरबाई आल्या. सत्तरीच्या, खणखणीत. माझा डबा बघून म्हणाल्या, अश्विनी, ही भाकर हाय का पापड? खूप हसलो.
पाचला कारभारी नावाच्या सभासदापुढे 'मयत' उतरलं. तारीख उद्याची. मी 'हयात' केलं, बटण दाबलं. पुन्हा मयत. उद्याच्या वेळेपुढे माझी आजची वेळ टिकत नाही. मामा म्हणाले, आपण नुसतं उतरवून घ्यायचं.
दाराबाहेर दहाबारा माणसं उभी होती. मामांनी त्यांना नाव सांगितलं. ती पांगली.

बुधवार, ८
कारभारी सकाळी मोटर चालू करायला गेले. शॉक लागला.
म्हणजे रोज पाचला ही माणसं नाव ऐकायला येतात. मामा म्हणाले, ज्याचं नाव, त्याच्या दारात मग कुणी जात नाही.

गुरुवार, ९
केशरबाई. मयत. तारीख उद्याची.
त्या बाहेरच उभ्या होत्या. नाव ऐकताच बाकीचे बाजूला सरकले. त्यांनी मला विचारलं, खोडता येत न्हाई का गं?
मी संगणकाचं घड्याळ दोन दिवस पुढे केलं. 'हयात' लिहिलं. बटण दाबलं.
टिकलं.

शुक्रवार, १०
केशरबाई जिवंत आहेत. माझ्यासाठी जाड भाकर घेऊन आल्या.
बाकी कुणी बोलत नाही. दुकानदाराने साखर दिली नाही. मामा म्हणाले, बाई, तुमी लई वाईट केलं. वरचा आकडा खालच्याशी जुळावा लागतो.
पाच वाजता पडद्यावर: वर मयत एक. खाली शून्य. फरक एक.

शनिवार, ११
सकाळीच संगणकाची इंटरनेटची तार उपटली. पाचला बदल तरीही उतरले.
फरक शून्य.
मी सभासद नाही. तरी यादीत माझं नाव आहे. मयत. १३ जानेवारी, ५:२०.
दोन दिवस आहेत. संध्याकाळच्या एसटीने सुप्याला, घरी—

घड्याळ. मागे घ्यायचं राहिलं. संगणकावर आज तेरा तारीख आहे. ५:१४.

मागे होत नाही. तीनदा केलं— पुन्हा तेरा—

मामांनी बाहेर माझं नाव सांगितलं. मी दारात गेले. सगळे सरकले. केशरबाईंना हाक मारली. त्यांनी पदर डोळ्यांवर ओढला आणि त्याही—

५:१९. कडी बाहेरून लावली कुणीतरी. माणसं पांगताहेत. खोलीत मी एकटी, आणि तरी खुर्चीमागे—